फक्त आमच्यातच

मोदी नंबर तीनच्या गल्लीत, दुकानाच्या डाव्या काउंटरवर
नारिंगी टी-शर्ट घालून मी उभी राहायची.
उजवीकडे निळ्या टी-शर्टात निनावे.
मधे साडेचार फूट आणि एक कूलर,
मालकाने टेप लावून बरोबर मधोमध ठेवलेला,
एका कंपनीला वारा जास्त गेला
असं कुणी वरती कळवू नये म्हणून.

गिऱ्हाईक पायरी चढलं की आम्ही दोघं एकदमच हसायचो.
"दादा, इकडे या. बोटाने लिहा, छापील अक्षर होते.
हे अ‍ॅप फक्त आमच्यातच."
"काकू, तिकडे काय पाहून राहिल्या?
फोटोत मागे उभा असलेला माणूस पुसता येते आमच्यात.
फक्त आमच्यातच."

रामटेककडचा एक म्हातारा बराच वेळ ऐकत होता.
मग म्हणाला, "बाई, तुह्या फोनातलं हे
त्याच्या फोनात जाते का?"
नाही जात, बाबा.
"त्याचं तुह्यात?"
नाही.
"मंग तुमी दोघं बोलता कसे?"
ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न नव्हता.

मे महिना. छेचाळीस अंश.
डेमोचे फोन स्वतःच पाटी दाखवायचे:
तापलो आहे, थोडा वेळ द्या.
आम्हाला तशी पाटी दिली नव्हती.
दोन वाजता मागच्या बोळीत खोक्यांवर बसून जेवायचो.
त्याच्या डब्यातली वांगी माझ्या पोळीला चालायची,
त्यासाठी काही डाउनलोड करावं लागलं नाही.

माझ्या फोनात कंपनीची एक वही होती.
गिऱ्हाईक नसलं की मी तिच्यात बोटाने लिहायची:
टार्गेट, राहिलेलं टार्गेट,
आईच्या शुगरचे आकडे, भिशीचा नंबर,
आणि जे न घेताच जात त्यांची नाकं.
नाकं मला चांगली जमतात.
तीन वर्षांत एकशे बारा पानं.

मग एका सोमवारी मेल आला, इंग्रजीत,
शेवटी हात जोडल्याचं चित्र.
डावा काउंटर बंद.
निनावे त्याच्या साहेबांशी बोलला.
पंधरा दिवसांनी मी निळा टी-शर्ट घातला,
बाह्या जरा लांब होत्या.
पगारातून कापून नवा फोन, निळ्यांचा. सक्तीचा.

दोन फोन शेजारी ठेवले, वायर लावली.
नंबर आले. फोटो आले.
नको असलेले मामेभावाचे सुविचारही आले.
वही आली नाही.
"हे अ‍ॅप या उपकरणासाठी उपलब्ध नाही."
तीनदा करून पाहिलं. हेच वाक्य मी तीन वर्षं
हसत हसत, उलट्या बाजूने, विकत होते.

त्याच दिवशी कूलरचा पंप जळला.
निनावेने गांधीबागेतून दीडशेचा आणला.
कोणत्या कंपनीचा? त्याने उलटून पाहिलं,
नाव नव्हतंच.
ताटी काढली, नळी खोचली, बटण दाबलं,
आणि वाळ्यावरून पाणी उतरलं.
"असं बसते?" मी विचारलं.
"काय?"
"काहीही, कशातही."
"कूलर आहे मॅडम," तो म्हणाला. "बसते."

रात्री शटर अर्धं ओढून आम्ही बसलो.
जुन्या फोनावरून मी वाचत गेले,
तो कोऱ्या बिलबुकात लिहीत गेला,
अक्षर भयंकर, रेषेला सोडून.
नाकं म्हणाला तूच काढ.
पान एकोणनव्वद: "निनावेचे चारशे देणे."
मी तिथे जराशी थांबले,
जुना फोन तीन टक्क्यांवर होता.
"हे इकडे नसतंच आलं ना?" त्याने मान वर न करता विचारलं.
नाही.
"मंग थांब," म्हणाला,
आणि पेन झटकून
तो आकडा त्याने दोनदा गिरवला.